कयफाचे गणित

झावळ्यांच्या रविवारच्या आदल्या दिवशी मिस्सात संत योहानच्या शुभवर्तमानातील जो उतारा वाचला जातो, त्यात प्रमुख याजक कयफा धर्मसभेपुढे एक हिशेब मांडतो. येशूला असेच मोकळे सोडले तर रोमन येतील, मंदिर आणि राष्ट्र दोन्ही हिरावून घेतील, या भीतीने सभा ग्रासलेली असते. कयफा त्यांना सुनावतो, की एक माणूस गेल्याने सारी प्रजा वाचत असेल तर त्यातच तुमचे हित आहे. उत्तम शुक्रवारी दुःखसहनाचा वृत्तान्त ऐकताना या सल्ल्याची पुन्हा एकदा आठवण करून दिली जाते. शुभवर्तमानकाराला त्या शब्दांत कयफाच्याही नकळत उच्चारली गेलेली भविष्यवाणी दिसते आणि आपण भाविक ती भविष्यवाणीच ऐकतो. त्यामुळे मूळ हिशेबाकडे आपले लक्ष सहसा जात नाही.

आम्हाला मात्र तो हिशेब पुष्कळ दिवस अस्वस्थ करीत आला आहे. एक तर तो मूर्खाचा हिशेब नाही. ज्याच्या शिरावर हजारो जिवांची जबाबदारी आहे, अशा कोणत्याही शहाण्या माणसाला तो सुचेल. कयफाला आपण खलपुरुष ठरवून मोकळे होतो. पण त्याच्या जागी बसलेल्या माणसाने नेमके काय करावे, हा प्रश्न त्याने सुटत नाही.

येथे एक खुलासा अगोदरच केला पाहिजे. कयफाचे नाव घेऊन ख्रिस्ती जगाने शतकानुशतके साऱ्या ज्यू समाजाला ख्रिस्ताचा मारेकरी ठरवले आणि त्या आरोपाखाली अनन्वित अत्याचार घडले. २८ ऑक्टोबर १९६५ रोजी दुसऱ्या व्हॅटिकन महासभेने ‘नोस्त्रा एताते’ या घोषणापत्रातून स्पष्ट केले, की ख्रिस्ताच्या मृत्यूचा दोष त्या काळच्या सरसकट सर्व ज्यूंवर आणि आजच्या ज्यूंवर लादता येत नाही. आम्ही कयफाचे नाव घेतो आहोत ते त्याच्या गणितासाठी. ते गणित कोणत्याही एका जातीधर्माचे नाही. त्यावर सर्वांत खोल आणि सर्वांत कठोर विचार जर कोणी केला असेल, तर तो ज्यू धर्मपंडितांनीच.

त्यांच्यापुढील प्रश्न असा होता. परक्या सैनिकांनी नगराला वेढा घातला आणि सांगितले, की तुमच्यापैकी एकाला आमच्या हवाली करा, आम्ही त्याला ठार मारू. नाही तर सर्वांनाच मारू. अशा वेळी काय करावे? पंडितांचा निर्णय असा, की सर्वांनी मरण पत्करावे, पण आपल्यातील एकही जीव हवाली करू नये. मात्र शत्रूने एखाद्याचे नाव घेऊन मागणी केली असेल तर? शमुवेलाच्या दुसऱ्या पुस्तकातील शबाची कथा वाचकांना आठवत असेल. दावीद राजाविरुद्ध बंड करून शबा एका नगरात लपला. सेनापती यवाबाने वेढा घातला. तेव्हा नगरातील एका शहाण्या स्त्रीने लोकांची समजूत घातली आणि शबाचे शिर तटावरून खाली टाकण्यात आले. या दाखल्यावरून रब्बी योहानान म्हणाले, की नाव घेऊन मागितलेल्या माणसाला हवाली करता येईल. रेश लाकिश म्हणाले, नाव घेणे पुरेसे नाही. तो शबासारखा खरोखर मृत्युदंडास पात्र असला पाहिजे. पुढे बाराव्या शतकात मायमोनिडीझ या थोर शास्त्रकाराने रेश लाकिश यांचेच मत उचलून धरले.

वाद एवढ्यावर थांबला असता तर तो शास्त्रार्थच राहिला असता. पण त्यालाच जोडून तालमूदमध्ये एक छोटी कथा आहे. रोमन सत्तेला हवा असलेला उल्ला नावाचा एक मनुष्य लोद नगरात रब्बी यहोशवा बेन लेवी यांच्या आश्रयाला आला. सैनिकांनी नगर वेढले आणि उल्लाची नाव घेऊन मागणी केली. रब्बींनी उल्लाची समजूत काढली आणि त्याला हवाली केले. नगर वाचले. या रब्बींना एलीया संदेष्टा नित्य दर्शन देत असे. त्या दिवसापासून तो येईनासा झाला. रब्बींनी उपास केले, तेव्हा कोठे एलीया आला आणि म्हणाला, माणसे धरून देणाऱ्यांना मी दर्शन देऊ काय? रब्बींनी विचारले, मी शास्त्रानुसारच वागलो ना? त्यावर एलीयाचा प्रतिप्रश्न होता, की हे शास्त्र भक्तांचे आहे काय?

शास्त्राप्रमाणे निर्दोष आणि तरीही देवाच्या दूताने पाठ फिरवावी, अशी ही अवघड जागा. तालमूद ती तशीच उघडी ठेवतो. एखाद्या कायद्याच्या ग्रंथाने आपल्याच कायद्याविषयी इतका प्रामाणिकपणा दाखवलेला आमच्या तरी पाहण्यात नाही.

दीड हजारांहून अधिक वर्षांनी हा सारा वाद ग्रंथांतून उठून रस्त्यावर आला. लिथुएनियातील व्हिल्ना हे शहर, म्हणजे आजची राजधानी व्हिल्नियस, ज्यू विद्येचे एवढे मोठे केंद्र होते की त्याला ‘लिथुएनियाचे जेरुसलेम’ म्हणत. २४ जून १९४१ रोजी जर्मन फौजा तेथे शिरल्या. वर्ष संपण्यापूर्वीच तेथील निम्म्याहून अधिक ज्यूंना शहराबाहेरच्या पोनारीच्या रानात नेऊन गोळ्या घालण्यात आल्या. उरलेले सुमारे २०,००० जण घेटोत, म्हणजे कुंपणाने कोंडलेल्या वस्तीत, डांबले गेले. नात्झींची एक पद्धत होती. घेटोचा कारभार ते ज्यूंकडूनच करून घेत. याद्या ज्यू मंडळाने करायच्या, पहारा ज्यू पोलिसांनी ठेवायचा, आणि अमुक इतकी माणसे हजर करा म्हणून हुकूम आला की तीही त्यांनीच निवडायची. खून करणाऱ्याने खुनाचा अर्धा भार मरणाऱ्यांच्या खांद्यावर टाकावा, याहून अधिक निर्घृण युक्ती कल्पनेत येत नाही.

व्हिल्नाच्या घेटो पोलिसांचा प्रमुख होता याकोब गेन्स, लिथुएनियन सैन्यातील एक माजी अधिकारी. त्याची पत्नी ज्यू नव्हती. घेटोबाहेर राहून स्वतःपुरता बचाव करणे त्याला शक्य होते. तो आत आला, तो काही तरी वाचवता येईल या भावनेने, असे मानण्यास जागा आहे. १९४१ च्या शरदात, ज्यांच्याजवळ कामाचा परवाना नाही त्यांना वेगळे काढण्याचे काम त्याचे पोलीस करीत असताना शहरातील काही रब्बी त्याला भेटले आणि त्यांनी मायमोनिडीझचा निर्णय त्याच्यापुढे ठेवला: कोणाचेही नाव न घेता मागितलेली माणसे निवडून देण्याचा तुला अधिकार नाही. गेन्सचे उत्तर असे, की काहींना देऊन मी बाकीच्यांना वाचवतो आहे. पुढल्या वर्षी, ऑक्टोबर १९४२ मध्ये, ओश्मियाना या जवळच्या गावातून जर्मनांनी १,५०० माणसे मागितली. गेन्सच्या पोलिसांनी घासाघीस करून तो आकडा खाली आणला आणि ४०६ वृद्ध व आजारी माणसे स्वतः हवाली केली. यानंतर घेटोतील प्रमुखांपुढे बोलताना गेन्सने जबाबदारी झटकली नाही. तरुण आणि मुले वाचावीत म्हणून आपण हे केले आणि आपले हात रक्ताने माखले आहेत, अशी कबुली त्याने दिली.

गेन्सला दोष देणे सोपे आहे. पण त्याच ऑक्टोबर १९४१ मध्ये, त्याच लिथुएनियातील कोव्हनो शहरात, वेगळा निर्णय झाला हेही सांगितले पाहिजे. तेथील घेटोतील सर्वांनी २८ ऑक्टोबरला चौकात जमावे असा हुकूम निघाला. जमल्यावर निवड होणार, हे उघड होते. हा हुकूम आपल्या सहीने भिंतीवर लावावा की नाही, हे ज्यू मंडळाला कळेना. मंडळाचे प्रमुख डॉ. एल्केस हे सर्वांच्या आदराचे सज्जन वैद्य. मंडळी मध्यरात्री वृद्ध आणि आजारी रब्बी शापिरो यांच्याकडे गेली. त्यांनी वेळ मागून घेतला, रात्रभर ग्रंथ चाळले आणि निर्णय दिला, की साऱ्या समाजावर नाशाचा हुकूम आला असेल आणि काही उपायाने त्यातील काही जण वाचण्याजोगे असतील, तर पुढाऱ्यांनी मन घट्ट करून जे वाचवता येईल ते वाचवावे. हुकूम लावला गेला. दुसऱ्या दिवशी ९,००० हून अधिक माणसे, त्यांत हजारो मुले, नवव्या किल्ल्यावर मारली गेली.

एकच धर्म, एकच शास्त्र, एकच महिना. आणि दोन निर्णय. कोव्हनोचे रब्बी चुकले असे म्हणायला आमची जीभ उचलत नाही. ग्रंथावरून डोके उठवून पहाटे तो निर्णय सांगताना त्यांना काय वाटले असेल, याची कल्पनाही करवत नाही. त्या शहराचे आणखी एक वृत्त येथे नोंदवावेसे वाटते. मार्च १९४४ मध्ये तेथील ज्यू पोलिसांनाच नवव्या किल्ल्यावर नेऊन, मुले कोठे लपवली आहेत ते सांगा, म्हणून त्यांचा छळ झाला. काहींनी सांगितले. पण त्यांचा प्रमुख आणि तीसहून अधिक सहकारी यांनी तोंड उघडले नाही, आणि त्यांना तेथेच ठार करण्यात आले. पोलिसांचा तोच गणवेश, जो व्हिल्नात तिरस्काराचा विषय झाला होता.

आता व्हिल्नाच्या दुसऱ्या बाजूकडे वळू. युद्धापूर्वी तेथील ज्यू तरुण निरनिराळ्या राजकीय चळवळींत विभागलेले होते आणि त्यांच्यात विस्तव जात नसे. झायनवाद्यांना पॅलेस्टाइनमध्ये स्वतःचे राष्ट्र हवे होते. त्यांच्यातही डाव्या विचारांची हाशोमेर हात्झाईर आणि उजवी बेतार असे तट होते. १८९७ मध्ये व्हिल्नातच जन्मलेल्या बुंड या समाजवादी पक्षाला झायनवाद म्हणजे पळपुटेपणा वाटे. आपण जेथे जन्मलो तेथेच, आपल्या यिडिश भाषेत, हक्काने जगावे, हे त्याचे ध्येय. कम्युनिस्टांना हे सगळेच मागासलेले वाटत. २१ जानेवारी १९४२ रोजी यांच्यातील काही जण घेटोतील एका खोलीत जमले आणि त्यांनी एकत्र सशस्त्र संघटना स्थापन केली. पुढे बुंडचे तरुणही तीत आले. सेनापती निवडला गेला कम्युनिस्ट इत्झिक विटेनबर्ग. त्याच्याबरोबर हाशोमेरचा कवी आबा कोव्हनर आणि बेतारचा योसेफ ग्लाझमान. जे शांततेच्या काळात एका व्यासपीठावर येऊ शकले नाहीत, ते मरणाच्या दारात एक झाले. राजकारणाचे हे एक जुनेच दुःख आहे.

जुलै १९४३ मध्ये, शहरातील एका भूमिगत कम्युनिस्टाने छळाखाली विटेनबर्गचे नाव सांगितले. १५ जुलैच्या रात्री गेन्सने संघटनेच्या म्होरक्यांना भेटीस बोलावले आणि तेथे विटेनबर्गला अटक झाली. त्याला नेले जात असतानाच साथीदारांनी हल्ला करून त्याची सुटका केली. तेव्हा गेस्टापोने निर्वाणीचा निरोप धाडला, की विटेनबर्ग जिवंत मिळाला नाही तर सारा घेटो नष्ट करू. गेन्सने लोकांना जमवून हे सांगितले. एका माणसापायी वीस हजारांनी मरायचे काय, हा प्रश्न घरोघर पेटला. लोक दगड घेऊन रस्त्यावर आले. ज्यांच्या रक्षणासाठी शस्त्रे जमवली, तेच लोक शस्त्रधाऱ्यांवर चालून आले.

संघटनेपुढे दोन वाटा होत्या. आपल्याच लोकांवर गोळ्या झाडून सेनापतीला राखायचे, किंवा त्याला जाऊ द्यायचे. विटेनबर्ग सहजासहजी तयार झाला नाही. अखेर त्याच्या स्वतःच्या पक्षाच्या सोबत्यांनीही, तू जावेस, असेच मत दिले. १६ जुलै रोजी त्याने आपले पिस्तूल कोव्हनरच्या हाती दिले, त्याला आपल्या जागी नेमले, आणि घेटोच्या रस्त्यावरून फाटकाकडे चालत गेला. दुसऱ्या दिवशी तो गेस्टापोच्या कोठडीत मृतावस्थेत आढळला; त्याने विष घेतले असे बहुतेक वृत्तान्त सांगतात.

घेटो वाचला तो जेमतेम दहा आठवडे. १४ सप्टेंबरला गेस्टापोने गेन्सला बोलावले. पळून जा, असा इशारा मिळूनही तो गेला आणि त्याच दिवशी त्याला गोळी घालण्यात आली. २३ सप्टेंबर १९४३ रोजी घेटो रिकामा करण्यास प्रारंभ झाला.

या प्रसंगाला शास्त्राची कसोटी लावली तर काय दिसते? विटेनबर्गची मागणी नाव घेऊन झाली होती; रब्बी योहानान यांच्या मते त्याला देणे क्षम्य ठरते. रेश लाकिश आणि मायमोनिडीझ यांच्या मते ठरत नाही. शबाने दावीदाविरुद्ध बंड केले होते आणि गेस्टापो म्हणजे दावीद राजा नव्हे. पण विटेनबर्गला कोणी हवाली केले, असे तरी म्हणता येईल काय? तो स्वतः चालत गेला. मग ते बलिदान झाले काय?

संत मॅक्सिमिलियन कोल्बे यांची आठवण येथे आपल्याला होणारच. आउश्वित्झमध्ये उपासमारीने मारण्यासाठी दहा जण जर्मनांनीच निवडले. कैद्यांना कोणी मत विचारले नव्हते. कोल्बे रांगेतून आपणहून पुढे झाले, एका कुटुंबवत्सल कैद्याची जागा त्यांनी मागून घेतली आणि १४ ऑगस्ट १९४१ रोजी त्यांना मरण आले. त्यांना पुढे ढकलणारा जमाव पाठीशी नव्हता. विटेनबर्गपाठी तो होता. त्याच्या हातात दगड होते.

आमच्या मते गोंधळ होतो तो येथेच. एकाच कृत्याला दोन बाजू असतात आणि त्यांचा हिशेब एका वहीत मांडता येत नाही. देणाऱ्याच्या बाजूने जे दान असते, तेच मागणाऱ्याच्या बाजूने पाप असू शकते. विटेनबर्ग ज्या पावलांनी फाटकाकडे गेला ती त्याची होती. त्यांचे पुण्य दगड घेऊन उभ्या असलेल्यांच्या खाती जमा होत नाही. ख्रिस्ताने क्रुसावर जीव दिला आणि जगाचे तारण झाले, म्हणून कयफाचे गणित बरोबर ठरले, असे कोणी ख्रिस्ती माणूस म्हणणार नाही. योहानच्या शुभवर्तमानात एकाच वाक्यातून कयफाचा व्यवहार आणि परमेश्वराची कृपा शेजारी शेजारी वाहतात. तरी एकीचे पाणी दुसरीत मिसळत नाही. आणि गणित म्हणून पाहिले तरी कयफा येथे चुकतोच. अशा सौद्यात किंमत ठरवणारा समोरचा असतो आणि तो दिलेल्या शब्दाला बांधलेला नसतो. आज एक मागणारा उद्या चारशे मागतो.

तरीही त्या वीस हजारांना आम्ही दगडधारी जमाव म्हणून विसरू शकत नाही. त्यांत लेकुरवाळ्या आया होत्या. एक दिवस अधिक मिळावा, एवढेच त्यांचे मागणे होते.

युद्ध संपल्यावर निवाड्याची घाई झाली. निर्वासितांच्या छावण्यांतून ज्यूंनी स्वतःची न्यायमंडळे नेमून मंडळांचे सभासद, पोलीस, मुकादम यांची चौकशी केली. इस्रायलच्या संसदेने १९५० मध्ये नात्झी आणि त्यांचे हस्तक यांना शिक्षा करण्याचा कायदा केला, आणि प्रारंभीच्या काळात त्याखाली उभे राहिले ते बहुधा छळछावण्यांतून वाचलेले ज्यूच. चळवळींनीही मृतांची वाटणी करून घेतली. लढलेले आमचे, याद्या करणारे कोणाचेच नाहीत, असा काहीसा प्रकार झाला. वॉर्सा उठावाच्या नेत्यांपैकी मारेक एडेलमान बुंडचा होता आणि युद्धानंतर पोलंडमध्येच राहिला. झायनवादी इतिहासात त्याला पुष्कळ काळ जेमतेम जागा मिळाली.

सर्वांत कडू प्रकरण रुडॉल्फ कास्टनरचे. १९४४ च्या उन्हाळ्यात, हंगेरीतील चार लाखांहून अधिक ज्यू काही आठवड्यांत, बहुतांशी आउश्वित्झला, रवाना होत असताना या गृहस्थाने आइशमानशी वाटाघाटी करून १,६८४ जणांची एक आगगाडी वाचवली. त्या गाडीत त्याचे आप्त आणि गावकरीही होते. बाकीच्यांना पुढे काय आहे याची पूर्वसूचना त्याने दिली नाही, असा आरोप पुढे झाला. कास्टनर सत्ताधारी मापाई पक्षाचा. त्याच्यावर तुटून पडणारा वकील विरोधी गोटातला. १९५५ मध्ये जेरुसलेमच्या न्यायाधीशाने कास्टनरने सैतानाला आत्मा विकला असे म्हटले. त्यापाठोपाठ मंत्रिमंडळ कोसळले. मार्च १९५७ मध्ये तेल अवीवमध्ये त्याच्यावर गोळ्या झाडण्यात आल्या आणि तो मरण पावला. जानेवारी १९५८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने बहुमताने त्याच्यावरील मुख्य ठपका पुसून टाकला. ज्याच्यासाठी पुसला तो ऐकायला नव्हता.

हिल्लेल या प्राचीन गुरूचा उपदेश असा, की आपल्या शेजाऱ्याच्या जागी पोहोचेपर्यंत त्याचा न्याय करू नये. आउश्वित्झमधून परतलेला इटालियन लेखक प्रिमो लेव्ही यानेही १९८६ च्या आपल्या पुस्तकात अशा माणसांविषयी निवाडा राखून ठेवण्याची विनंती केली आहे. आम्ही ती मान्य करतो. पण त्यातून आपली सुटका होते असे आम्हाला वाटत नाही. १९४१ च्या व्हिल्नात आपण कॅथलिक असतो तर गेन्सच्या जागी नसतोच. आपली जागा कुंपणाच्या बाहेर होती. ते कॅथलिक शहर होते. पोनारीच्या खड्ड्यांकाठी बंदुका घेऊन उभ्या असलेल्यांत बाप्तिस्मा झालेले लिथुएनियन स्वयंसेवक होते. तेथेच राहणारा काझिमिएश साकोविच हा पोलिश पत्रकार रोज गोळ्यांचे आवाज ऐकून गुपचूप नोंदी करीत असे आणि त्या बाटल्यांत भरून पुरीत असे. मारलेल्यांचे कपडे खरेदी करणाऱ्यांविषयीही त्याने लिहून ठेवले आहे.

आणि शहराजवळच डोमिनिकन भगिनींचा एक छोटा मठ होता. मठाच्या प्रमुख मदर बेर्त्रांदा यांनी १९४१ मध्ये सतरा ज्यू तरुण-तरुणींना आत घेतले. त्यांत कोव्हनरही होता. ज्यूंना आश्रय देणाऱ्याला मृत्यूची शिक्षा होती आणि ती एकट्या प्रमुख भगिनीला होऊन भागली नसती. कयफाच्या पाटीवर हे गणित तोट्याचेच निघते. कोव्हनरने सशस्त्र प्रतिकाराचे पहिले आवाहन त्याच मठात लिहिले. वर्षअखेरीस ही मंडळी आपल्या लोकांत, घेटोत परतली. त्यानंतर मदर बेर्त्रांदा यांनी त्यांना हातबाँब पोहोचवले. १९४३ मध्ये जर्मनांनी त्यांना अटक केली आणि मठ बंद पाडला. त्या जगल्या. पुढे त्यांनी व्रतस्थ जीवन सोडले आणि वॉर्सात त्या साध्या नागरिक म्हणून राहिल्या. बरीच वर्षे त्यांची कोणी विचारपूस केली नाही. १९८४ मध्ये ‘याद वाशेम’ संस्थेने त्यांना सन्मानपदक दिले. ते घेऊन त्यांच्याकडे आला तो आबा कोव्हनर, विटेनबर्गचे पिस्तूल ज्याने हाती घेतले होते तोच. त्याचे केस आता पांढरे झाले होते, आणि त्या चौऱ्याऐंशीच्या घरात होत्या.